गावातील माजी सैनिकांचा सन्मान: आधी नोंद, मग शाल

माजी सैनिकांचा सत्कार ठरला की शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांची भाषणे यांची तयारी पटकन होते. मात्र ज्यांचा सत्कार आहे ते कोणत्या पलटणीत होते आणि कोणत्या मोहिमेवर गेले होते, हे व्यासपीठावरील कोणालाच सांगता येत नाही. ग्रामपंचायतीला किंवा तरुण मंडळाला हे काम मनापासून करायचे असेल, तर समारंभाच्या दोन-तीन महिने आधी गावाची सैनिक नोंदवही तयार करण्यास घ्यावी.

प्रथम यादी करावी. ग्रामसभेत आवाहन करावे, गावातील निवृत्त सुभेदार-हवालदारांना सोबत घ्यावे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी लेखी पत्रव्यवहार करावा. अशा यादीतून काही माणसे हमखास सुटतात: नौदल व हवाई दलातील कर्मचारी, निवृत्तिवेतनाइतकी सेवा न झालेले, मुंबई-पुण्याला स्थायिक झालेले, आणि पतीच्या मृत्यूनंतर माहेरी परतलेल्या वीरपत्नी. यांची चौकशी वाडी-वस्तीवर जाऊनच करावी लागते.

प्रत्येक सैनिकासाठी नोंदवहीत स्वतंत्र पान ठेवावे. सेवामुक्तीच्या वेळी मिळालेले पुस्तक, ज्याला घरोघरी ‘डिस्चार्ज बुक’ म्हणतात, ते पाहून सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण, भरतीची व निवृत्तीची तारीख आणि पदके उतरवून घ्यावीत. सरसकट ‘जवान’ लिहू नये. पायदळातील शिपाई, तोफखान्यातील गनर, इंजिनिअर्समधील सॅपर आणि रणगाडा दलातील सवार या वेगवेगळ्या ओळखी आहेत आणि त्या माणसाला आपली ओळख प्रिय असते. पुस्तक हरवले असेल, तर संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी पुण्यातील खडकी आणि तोफखान्यासाठी नाशिक रोड अशी ही ठिकाणे आहेत.

पदके वाचायला शिकले, तर न बोलणाऱ्या माणसाचा इतिहासही थोडाफार कळतो. ‘समर सेवा स्टार’ हा १९६५ च्या युद्धक्षेत्रातील सेवेचा आहे. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ हे १९७१ च्या युद्धातील दोन आघाड्यांचे आहेत. सियाचीन हिमनदीवरील सेवेसाठी वेगळे पदक आहे आणि १९९९ च्या कारगिल युद्धासाठी ‘ऑपरेशन विजय स्टार’ आहे. १९७१ ला लढलेल्यांपैकी सर्वांत तरुण सैनिकानेही आता सत्तरी ओलांडली आहे, म्हणून मुलाखतींची सुरुवात त्यांच्यापासून करावी.

मुलाखत घरी, त्यांच्या सोयीच्या वेळी आणि परवानगी घेऊनच ध्वनिमुद्रित करावी. ‘किती शत्रू मारले?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. भरतीच्या दिवसापासून सुरुवात करावी. प्रशिक्षण, लंगर (सैन्यातील स्वयंपाकघर), पहिली बदली, पोस्टातून उशिरा येणारे घरचे पत्र यांविषयी विचारावे, आणि युद्धाचा विषय त्यांनी स्वतः काढला तरच पुढे न्यावा. मध्येच गप्प झाले, तर ती शांतता आपल्या प्रश्नांनी भरून काढू नये. पत्नीशीही स्वतंत्रपणे बोलावे, कारण शेती, सासू-सासऱ्यांचे आजारपण आणि मुलांच्या शाळा तिने एकटीने सांभाळलेल्या असतात आणि ती बाजू कोणत्याच सरकारी पुस्तकात सापडत नाही. कुटुंबातील कोणी सध्या सेवेत असेल, तर त्याच्या नेमणुकीचा तपशील मात्र छापू नये.

नोंद मागे नेण्याचीही गरज असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाचे ४६ सैनिक पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ते गाव आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. पण किती तरी गावांत त्या युद्धाची संगमरवरी पाटी चावडीच्या रंगाखाली दडलेली असते. ती शोधून स्वच्छ करावी, तिच्यावर रंग देऊ नये. दोन्ही महायुद्धांतील मृत सैनिकांची नावे, त्यांच्या कबरी व स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसरातील नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्यांचे नाव कसिनो येथील स्मारकावर आहे. नावांचे इंग्रजी लेखन त्या काळी कसेही झालेले असल्यामुळे दोन-तीन प्रकारे शोधावे आणि वडिलांचे व गावाचे नाव ताडून पाहावे.

समारंभासाठी १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन योग्य ठरतो. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच तारखेला निवृत्त झाले. २६ जुलैचा कारगिल विजय दिवस आणि १६ डिसेंबरचा विजय दिवस हेही पर्याय आहेत. निमंत्रणपत्रिकेत हुद्दा नावाआधी आणि ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर लिहावा, कारण निवृत्त माणूस होतो, हुद्दा नव्हे. पहिली रांग सैनिक आणि वीरपत्नींची असावी. पाहुणे उशिरा आले, तरी कार्यक्रम ठरलेल्या वेळीच सुरू करावा. ज्यांनी आयुष्यभर घड्याळाप्रमाणे काम केले, त्यांना नेत्याच्या गाडीची वाट पाहत उन्हात बसवणे हा अपमानच आहे. सैनिक आपली पदके छातीच्या डाव्या बाजूला लावतात. दिवंगत सैनिकाची पदके त्याचे कुटुंबीय श्रद्धांजलीच्या प्रसंगी उजव्या बाजूला लावतात, हे आधीच कळवून ठेवावे. स्मारकाचे अनावरण असेल, तर ते राष्ट्रध्वजाने झाकू नये. ध्वजसंहितेत त्यास मनाई आहे.

वीरपत्नीच्या सत्काराचा विचार अधिक काळजीने करावा. हळदी-कुंकू लावण्याची वेळ आली की व्यासपीठावरील बायका घुटमळतात आणि तो क्षण तिला साऱ्या गावासमोर सोसावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे राज्य शासनाने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. तोच आधार घेऊन तिची इच्छा आदल्या दिवशी विचारावी आणि तिच्या म्हणण्याप्रमाणेच करावे. तिची ओळख करून देताना पतीच्या पराक्रमाबरोबर तिने स्वतः काय उभे केले, तेही सांगावे.

शालीऐवजी नोंदवहीतील पानाची सुबक चौकट भेट द्यावी.

समारंभानंतर दोन-तीन शिकलेल्या तरुणांवर कायमची जबाबदारी सोपवावी. वृद्ध निवृत्तिवेतनधारकांचा दरवर्षीचा हयातीचा दाखला, निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवरील तक्रारी, आरोग्य योजनेचे कार्ड, आणि आधार व सैन्याच्या कागदांतील नावांत फरक असल्यामुळे अडलेले कुटुंब निवृत्तिवेतन, ही कामे हारतुऱ्यांपेक्षा फार मोलाची आहेत. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी राज्यात घरपट्टी सवलतीची योजना आहे. तिचा लाभ प्रत्येक पात्र घराला मिळतो आहे का, हे ग्रामसेवकांनी यादी हाती घेऊन तपासावे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी शाळेतून गोळा करताना तो कशासाठी आहे, हे गावातीलच एखाद्या माजी सैनिकाने मुलांना सांगावे. नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि दुसरी शाळेत ठेवावी. गावातून नवीन मुलगा किंवा मुलगी भरती होईल, तेव्हा दोन्हींमध्ये नवे पान जोडावे.