‘सोने’ हे शहर कसे झाले: वाचून शिकणाऱ्या संगणकावर काम करू पाहणाऱ्यांसाठी

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रकल्पात मी मराठी बातम्यांमधून शहरांची नावे आपोआप गोळा करणारा प्रोग्राम लिहिला. डोळ्यांसमोर होती ती ‘नेल’ ही प्रणाली, जी कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये सुरू केली होती आणि जी दिवसरात्र वेबपाने वाचून तथ्ये साठवत असे. पद्धत ऐकायला सोपी आहे: खात्रीची चार-पाच उदाहरणे द्यायची, ती ज्या पॅटर्नमध्ये आढळतात ते पॅटर्न संगणकाने हेरायचे, आणि त्याच पॅटर्नमध्ये बसणारी नवी नावे उचलून पुढच्या फेरीला लागायचे.

मी पुणे, ठाणे, नाशिक आणि सातारा ही नावे दिली. पहिल्याच फेरीत प्रोग्रामने ‘-हून’ हा प्रत्यय हेरला आणि मला फार आनंद झाला. ‘साताऱ्याहून’ या रूपावरून त्याने ‘सातारे’ नावाचे शहर शोधून काढले, तेही मी हसण्यावारी नेले. दुसऱ्या फेरीत मात्र ‘सोने’ यादीत आले, कारण कुठल्याशा अग्रलेखात ‘सोन्याहून पिवळे’ असे लिहिलेले होते आणि ‘पुण्या’वरून ‘पुणे’ करणारा माझा नियम तिथेही चोख चालला. मग सोन्याच्या आसपास वारंवार येणारा ‘-चा भाव’ हा पॅटर्न शिकून त्याने कांदा, तूर आणि सोयाबीन यांनाही शहरे करून टाकले. मी यादी उघडली ती सहाव्या फेरीनंतर, आणि तोवर तिथे बाजार समिती भरली होती. नेलनेही एकदा इंटरनेटवरच्या ‘कुकीज’ (वेबसाइटने आपल्या संगणकावर ठेवलेल्या छोट्या नोंदी) बेकरीच्या पदार्थांत घातल्या आणि त्यांच्यामागोमाग ‘फाइल्स’ही तिथेच नेल्या, हे वाचल्यावर थोडे हायसे वाटले.

म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतले प्रत्येक नाव स्वतः वाचावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही. केवळ शहरेच न शिकवता धातू आणि पिके हे गटही सोबत शिकवावेत आणि एक शब्द दोन गटांत बसणार नाही अशी अट घालावी, म्हणजे धातूंत पक्के बसलेले सोने शहरांत शिरत नाही. नेलमध्ये हीच युक्ती वापरलेली आहे. अर्थात अट डोळे झाकून घालू नये: ‘नगर’ हे शहराचेही नाव असते आणि सामान्यनामही.

प्रत्येक तथ्याबरोबर ते ज्या वाक्यातून आले ते वाक्य जपून ठेवावे, कारण ‘सोने’चे कोडे मला त्या वाक्यामुळेच पाच मिनिटांत उलगडले. एकाच वृत्तसंस्थेची बातमी चार ठिकाणी जशीच्या तशी छापून येते, तेव्हा ते चार पुरावे न धरता एकच धरावा. माझा प्रोग्राम पुरावे मोजून नावांना गुण देत असे, आणि यादीत ‘सातारे’ला सर्वाधिक गुण मिळाले होते ते अशाच एका बातमीच्या प्रतींमुळे.