४के पिक्चर अडखळतो? आधी डिकोडर बघा

बडोद्यात, दांडिया बाजारच्या घरात टीव्हीला जोडलेला जुना पीसी : सहाव्या पिढीचा इंटेल आय३ प्रोसेसर (सीपीयू). १०८० च्या फायली लोण्यासारख्या. ४के, १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत; १०-बिट म्हणजे रंगांच्या जास्त छटा) फाईल लावली की चित्र अडखळे, सीपीयू १०० टक्क्यांवर, पंखा घोंघावे. मे महिन्यात तर विचारूच नका.

आधी रॅम वाढवू नका, व्यर्थ आहे. एमपीसी-एचसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाईल चालू असताना त्यातल्या लाव्ह व्हिडिओ (LAV Video) या डिकोडरचे, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाचे, प्रॉपर्टीज उघडा आणि ‘ॲक्टिव्ह डिकोडर’ वाचा. तिथे ‘एव्हीकोडेक’ दिसलं, म्हणजे सगळं काम सीपीयू करतोय. हार्डवेअर डिकोडर (हे काम ग्राफिक्स चिपकडे देणारा) निवडूनही तेच दिसत असेल, तर एचईव्हीसी आणि यूएचडी (म्हणजे ४के) यांच्या चौकटींत टिक आहे का ते बघा. ही दुसरी टिक हमखास राहून जाते.

या पीसीवर टिक करूनही फरक पडला नाही. इंटेलमध्ये १०-बिट एचईव्हीसीचं पूर्ण हार्डवेअर डिकोडिंग सातव्या पिढीपासून आहे, सहाव्यात ८-बिटपर्यंतच. शेवटी एनव्हिडियाचं जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड बसवलं : ३० वॉटचं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. एचडीएमआय केबल मात्र मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावा. मग लाव्हमध्ये हार्डवेअर डिकोडर म्हणून डीएक्सव्हीए२ नेटिव्ह (विंडोजची सोय; उलगडलेलं चित्र कार्डातच राहतं) निवडा. सबटायटल किंवा इतर फिल्टर अडत असतील तरच कॉपी-बॅक (चित्र परत मुख्य मेमरीत आणणारा प्रकार).

सीपीयू आता १० टक्क्यांच्या आसपास. १०-बिट एच.२६४ (एचईव्हीसीच्या आधीची पद्धत, ॲनिमेमध्ये फार) अजूनही सीपीयूवरच चालतं, पण १०८० ला ते झेपतं. एव्ही१ (एचईव्हीसीनंतरची पद्धत) हवं असेल तर हे कार्ड घेऊ नका, त्याला ते उलगडता येत नाही.