ट्रायपॉड नसताना एचडीआर: रुमालाची युक्ती

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, फोटो काढताना एक अडचण हमखास येते. छतावरचं दगडी कमळ नीट दिसावं म्हणून उजेड वाढवला, की बाहेरचं ऊन नुसतं पांढरं होतं. ऊन सांभाळलं, तर कमळ काळंठिक्कर. त्यासाठी कमी, मध्यम आणि जास्त उजेडाचे तीन फोटो काढून एकत्र जोडायचे, यालाच एचडीआर म्हणतात, पण हातात धरून काढले तर ते एकमेकांवर बसत नाहीत.

१. रुमालाची घट्ट घडी जमिनीवर ठेवा आणि त्यावर कॅमेरा उताणा, लेन्स छताकडे. कडेचा उजेडही चौकटीत येऊ द्या.

२. अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ १००. फोकस एकदा लावून मॅन्युअल करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको.

३. ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाचे फोटो कॅमेऱ्यानेच लागोपाठ काढणं) −२, ०, +२ आणि टायमर २ सेकंदांचा. बटण दाबल्याचा हादरा तेवढ्यात थांबतो. मधला फोटो १ सेकंदाचा असेल, तर बाकीचे पाव आणि ४ सेकंदांचे होतात. काही कॅमेऱ्यांत टायमर प्रत्येक फोटोला वेगळा लागतो, ते घरीच तपासून घ्या.

४. सॉफ्टवेअरमध्ये फोटो जोडताना एचडीआरचा परिणाम वाढवणारा स्लायडर अर्ध्यावरच थांबवा. पुढे नेला, की दगड प्लॅस्टिकसारखा दिसतो. मला तर पावही पुरतो.

एक जपा: चौकटीत कुणी चालत असेल तर थांबा, नाहीतर तोच माणूस तीनदा, भुतासारखा अर्धवट उमटतो. सकाळी लवकर गेलं की गर्दी कमी असते, शिवाय दर्शनाला आलेल्यांच्या वाटेतही आपण येत नाही.