मूल लिहिण्याची वेळ आली की उठते, तेव्हा

पहिली-दुसरीतले मूल वर्गात उठून फिरते, शेजारच्याची वही ओढते, सारखे पाणी प्यायला जाते, अशी तक्रार शाळेतून आली की घरी बोलणी बसतात ती वागण्याबद्दल. माझ्या मते आधी वेळापत्रक पाहावे. दोन आठवडे बाईंना एवढेच टिपून ठेवण्याची विनंती करावी: तास कोणता होता, त्याआधी काय करायला सांगितले होते, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले. गोंधळ फळ्यावरून उतरवून घेताना किंवा शुद्धलेखनाच्या वेळीच होत असेल आणि गाणी-गोष्टींच्या तासाला मूल रमत असेल, तर मूळ लिखाणात असण्याची शक्यता मोठी. अशा मुलाला वर्गाबाहेर उभे केले तर त्याची लिहिण्यातून सुटकाच होते, आणि तीच युक्ती ते उद्या पुन्हा वापरते. आवडीच्या खेळातही ते टिकत नसेल, तर मात्र बालविकासतज्ज्ञांना दाखवावे.

मग अडते कुठे, हे शोधावे. डोळे आणि कान तपासून घ्यावेत. एखादे उत्तर आधी तोंडी विचारावे, नंतर तेच लिहायला सांगावे. तोंडी उत्तर नीट आले आणि कागदावर दोनच शब्द उमटले, तर अडचण समजण्यात नाही, हे उघड आहे. पेन्सिलीचे टोक सारखे मोडते का, घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल होते का, तेही पाहावे. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण लिहिताना अक्षराच्या आधी काढावी लागते. मोठ्यांच्या अंगवळणी पडलेली ही गोष्ट मुलाला खरोखरच चकवते.

घरी वही वाढवण्याऐवजी बोटांना काम द्यावे. मटार सोलणे, कणीक मळणे, रांगोळी चिमटीतून सोडणे यांत पेन्सिलीला लागणारीच बोटे तयार होतात. जुन्या धूळपाटीसारखा ताटात रवा पसरून, अक्षराचा उच्चार करत ते बोटाने गिरवू द्यावे. दहा मिनिटे पुरेत. लिहिताना पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले असावेत, पेन्सिल आखूड असावी, आणि मूल डावखुरे असल्यास हात बदलायला लावू नये.

शाळेकडे मोघम ‘लक्ष द्या’ असे म्हणू नये; नेमके मागावे. फळ्यावरचा मजकूर वहीशेजारी कागदावर मिळावा, दहा ओळींऐवजी चार चालाव्यात, काही उत्तरे तोंडी घ्यावीत, आणि लिखाणाच्या मध्यात वह्या वाटण्यासारखे काम देऊन मुलाला रीतसर उठू द्यावे. ‘दहा वेळा लिहून काढ’ ही शिक्षा तर पूर्ण बंद व्हावी, कारण तिने लिखाणाचाच तिटकारा बसतो. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायदा, 2009 नुसार बंदी आहे.

काही महिन्यांत फरक दिसला नाही, तर विशेष शिक्षक किंवा अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचणे, लिहिणे किंवा गणित जड जाण्याची) तपासणी करणारे रुग्णालय गाठावे. मुंबईत शीव रुग्णालयात असा विभाग आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. या अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास मिळते, पण मदतीसाठी तोवर थांबू नये. जाताना बाईंची टिपणे आणि मुलाच्या वह्या न्याव्यात, त्यातही खाडाखोड केलेली, फाटलेली पाने आवर्जून.