टाचणी खिशातच राहू द्या: जुना डीएसएल (फोनच्या तारेवरून नेट देणारा) राऊटर लावायला निघालेल्यांसाठी

ऑगस्ट २०१२. पाटण तालुक्यातल्या एका पतसंस्थेची शाखा. बाहेर पावसाची झड, काउंटरपाशी पिग्मी एजंट कलेक्शन भरायला ताटकळलेले. मी कॅशियरबाईंच्या टेबलाखाली गुडघे टेकून बसले होते आणि राऊटरच्या मागच्या बारीक भोकात त्यांचीच सेफ्टी पिन खुपसून दहापर्यंत आकडे मोजत होते. ईअँडटीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा) डिप्लोमा हातात पडून दोन महिने झाले होते. कराडच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात महिना चार हजारांवर लागले होते. तिथल्या सीनियरने पहिल्याच दिवशी गुरुमंत्र दिला होता, "काही कळेना झालं की रिसेट मार. निम्मं काम तिथंच होतं."

निम्मं काम झालं खरं. तोवर अधूनमधून तुटणारं नेट त्यानंतर कायमचं बंद झालं.

लॅपटॉप केबलने जोडायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हे राऊटरचं सेटिंग पान उघडायचं, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन टाकून बघायचं, हे तुम्हाला येतंच. वायफायवरून सेटिंग बदलायला जाऊ नका, एवढंच सांगते आणि पुढे जाते. मला सांगायचंय ते त्या अडीच तासांबद्दल.

रिसेटनंतर दिवे विझले, पुन्हा लागले. डीएसएलचा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. मला हायसं वाटलं. इंटरनेटचा दिवा मात्र लागेना. युजरनेम-पासवर्डची चिठ्ठी मॅनेजरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये सापडली, म्हटलं, सुटलो. टाकला. नाही. पुन्हा टाकला. कॅपिटल-स्मॉल बघून टाकला. नोटपॅडवर टाइप करून तिथून चिकटवला. वर व्हीपीआय-व्हीसीआय असे दोन रकाने होते, त्यात ८ आणि ३५ दिसत होतं. सीनियरने "३५ असतं बघ" असं सांगितलेलं. माझे डोळे ३५ शोधत होते. ते सापडलं, मी खाली सरकले.

डीएसएल दिवा स्थिर, म्हणजे लाईन ठीक. ३५ जागेवर, म्हणजे तेही ठीक. मग उरलं काय? पासवर्ड. सीनियरला फोन केला, तोही म्हणाला पासवर्डच. मॅनेजरसाहेबांनी टेलिफोन ऑफिसला फोन करून पासवर्ड बदलून घेतला. नवा पासवर्ड टाकला, तरी तेच. एजंट दोनदा चहा पिऊन आले. "या पोरीला येतंय का नक्की?" हे कुणीतरी मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणालं.

शेवटी बाहेरच्या डीपी बॉक्सवर (फोनच्या तारा जोडायच्या पेटीवर) दुसऱ्याच कुणाच्या तक्रारीसाठी आलेले लाईनमनकाका पाय पुसत आत आले. त्यांनी लॅपटॉपला हातही लावला नाही.

"आकडा किती टाकलायस?"
"पस्तीस."
"ते झालं. त्याच्या आधीचा?"
"आठ."
"शून्य कर."

वीस सेकंदांत दिवा हिरवा झाला.

आता हे जरा पाल्हाळ लावून सांगते, कारण डिप्लोमाला एटीएम सेलवर (पैशांचं एटीएम नव्हे, डेटाचे ठराविक मापाचे तुकडे) सहा मार्कांचं उत्तर लिहूनही मला हे कळलं नव्हतं. तुमच्या राऊटरला एकामागून एक तीन दारं ओलांडायची असतात. पहिलं दार तांब्याच्या तारेचं. मोडेम आणि एक्स्चेंजमधला डीएसलॅम (तिथलं, सगळ्यांच्या लाईनी घेणारं यंत्र) यांचं आपसात जुळतं. बोलणं ४ किलोहर्ट्झच्या आत, डेटा साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर, एडीएसएल २ प्लस असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. डीएसएलचा दिवा फक्त याच दाराचा. पुढच्या दोन दारांशी त्याचं काही देणंघेणं नाही.

दुसरं दार त्या दोन आकड्यांचं. जुन्या डीएसएलवर डेटा ५३ बाइटच्या एटीएम सेलमध्ये तुकडे होऊन जातो. त्यातले ५ बाइट म्हणजे हेडर, पत्ता लिहायचा भाग, आणि व्हीपीआय-व्हीसीआय त्यात असतात. एक्स्चेंजमध्ये तुमच्या लाईनवर जी जोडी चालू केलेली असते तेवढीच पुढे जाते. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडची ०/३५, एअरटेलच्या डीएसएलची १/३२. तुम्ही ८/३५ टाकलंत तर ते सेल तिथे गळून पडतात, आणि गळून पडले असं सांगायला कुणी मागे फिरत नाही. घर नंबर पस्तीस बरोबर, पण पत्रावर गल्ली दुसरीच लिहिली आहे. अशा पत्राचं उत्तर येत नसतं. बऱ्याच जुन्या मोडेममध्ये कारखान्यातूनच ८/३५ भरलेलं असतं, म्हणून हा खड्डा नेमका रिसेटनंतरच समोर येतो. अर्धं बरोबर असलेलं सेटिंग साफ चुकलेल्यापेक्षा वाईट, कारण नजर त्यावरून घसरते.

तिसरं दार पीपीपीओईचं, म्हणजे लॉगिन करून नेट मिळवायच्या पद्धतीचं. तिथे राऊटर आधी हाक मारतो, कोणी आहे का? ही हाक म्हणजे पीएडीआय. पलीकडचा सर्व्हर ओ देतो, तो पीएडीओ. ही ओ आल्यावर, सेशन ठरल्यावर मग युजरनेम-पासवर्ड पुढे जातो. नीट बघा: दुसरं दार बंद असेल तर ओ येणारच नाही, आणि ओ आली नाही तर पासवर्ड विचारलाही जाणार नाही. त्या दिवशी मी पासवर्ड अकरा वेळा टाइप केला, पण तो एकदाही राऊटरच्या बाहेर पडला नव्हता.

आणि हे सगळं राऊटरच्या लॉगमध्ये लिहिलेलं होतं! सिस्टीम लॉग नावाचं पान असतं, ते मी उघडलंच नव्हतं. तिथे पीएडीआय टाइमआउट दिसला तर पलीकडून कुणी बोललंच नाही. मग आकडे बघा, एन्कॅप्सुलेशन (डेटा सेलमध्ये भरायची पद्धत) एलएलसी आहे की व्हीसी-मक्स ते बघा, पासवर्डच्या वाटेला जाऊ नका. ऑथेंटिकेशन फेल्ड दिसलं तर पलीकडचा बोलला आणि नाही म्हणाला. मग पासवर्ड बघा. मोडेम ब्रिज मोडला (तो नुसता पूल, लॉगिन करत नाही) ठेवून पीसीवरून डायल करत असाल तर हाच फरक एररच्या आकड्यात दिसतो: उत्तरच नसेल तर एक्सपीवर ६७८, विंडोज ७ वर ६५१, आणि नकार असेल तर ६९१. ६९१ ला एक पोटभेद आहे. लाईट जाऊन राऊटर अचानक बंद पडला असेल तर जुनं सेशन पलीकडे काही वेळ जिवंत राहतं आणि बरोबर पासवर्डलाही नकार मिळू शकतो. अशा वेळी राऊटर बंद ठेवा, चहा घ्या, मग लावा. हा एकच शॉर्टकट मला मान्य आहे.

फायबरच्या जमान्यात हे कशाला, असं वाटत असेल, तर मागच्या वर्षीचं सांगते. माझ्या हाताखालच्या पोराचा साइटवरून फोन आला, "ताई, पासवर्ड चुकीचा दिलाय यांनी." विचारलं, तो नाही म्हणतोय की बोलतच नाहीये? थोडा वेळ शांतता, मग "बोलतच नाहीये." फायबरच्या ओएनटीवर (फायबरची तार जिथे येते त्या डब्यावर) व्हीपीआय-व्हीसीआय नसतात, पण पीपीपीओई बऱ्याच ठिकाणी आहे आणि आकड्यांच्या जागी व्हीलॅन आयडी (लाईनीतला मार्ग ओळखायचा आकडा) आलाय. त्याने तोच चुकवला होता.

म्हणून नवीन पोरापोरींना मी सांगते, जुन्या बाजारात स्वस्तात डीएसएल राऊटर मिळतो, तो घ्या आणि खोलून-जोडून बघा. तीस सेकंदांच्या रीलमधून "हे तीन सेटिंग बदला, स्पीड दुप्पट" शिकणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही. आणि जो सीनियर कारण न सांगता उपाय सांगतो, त्याचा उपाय ऐका, पण त्याला गुरू करू नका. मला शिकवलं ते लाईनमनकाकांनी. पुढची दोन वर्षं मी त्यांना वेळीअवेळी फोन करून छळलं आणि ते कधी चिडले नाहीत.

रिसेट करूच नये असं नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्डच कुणाला माहीत नसेल तर दुसरा इलाज नाही. पण आत शिरता येत असेल तर आधी वॅन (बाहेरची लाईन), लॅन (आतलं जाळं), वायफाय या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. पोर्ट फॉरवर्डिंगचं (बाहेरून आतल्या यंत्रापर्यंत वाट देणारं) पान विसरू नका, कॅमेऱ्याचा डीव्हीआर त्यावर चालत असतो आणि तो बंद पडल्याचं आठवड्याने कळतं. पीपीपीओईचा पासवर्ड टिंबांत दिसतो, तो गिऱ्हाइकाकडे कागदावर आहे ना, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय टाचणीला हात लावू नका. बॅकअपची सोय असेल तर फाइल उतरवून घ्या.

लाईनचं थोडक्यात. फोन वाजला की नेट तुटतं अशी तक्रार असेल तर स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी) बघा, आणि माळ्यावर किंवा आतल्या खोलीत पॅरलल फोन आहे का ते विचारा. "नाही" म्हणाले तरी वायरच्या मागे मागे जाऊन बघा. प्रत्येक फोन स्प्लिटरच्या फोन बाजूलाच यायला हवा. स्टेटस पानावर एसएनआर मार्जिन (खरखरीच्या वर सिग्नल किती शिल्लक आहे ते) ६ डेसिबलच्या खाली गेलेलं असेल तर तुमच्या सेटिंगचा दोष नाही, जॉइंट सडलेला असेल किंवा अंतर जास्त असेल. पावसाळ्यात हे जास्त. आपल्या पतसंस्थेचं मूळ दुखणं तेच होतं, डीपीतल्या जॉइंटला हिरवं चढलेलं. म्हणजे रिसेटची गरजच नव्हती. काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, असं झालं तर एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचं कमाल माप) १४९२ आहे का पाहा, कारण पीपीपीओई १५०० मधले ८ बाइट खातो. अ‍ॅडाप्टर किती व्होल्टचा आहे ते राऊटरच्या पोटाखालच्या लेबलशी ताडून बघा. वळवाच्या दिवसांत फोनची वायरही काढून ठेवायला सांगा, वीज तारेतूनही येते.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. २०१७च्या जुलैत अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन तसाच ठेवलेले कितीतरी मोडेम मालवेअरने बंद पाडले होते. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ वर ठेवा.

घाबरू मात्र नका. राऊटर सेटिंगने जळत नाही. चुकलात तर वेळ जातो आणि थोडी लाज जाते, दोन्ही भरून येतं. मी त्या शाखेतून निघाले तेव्हा मॅनेजरसाहेबांनी स्वतः छत्री धरून एसटीपर्यंत सोडलं होतं.

जुन्या मोडेममधली अजून एक खोड सांगायची राहिली. काहींमध्ये 'अप्लाय' दाबलं की सेटिंग लागू होतं, पण जपून ठेवायला 'सेव्ह अँड रिबूट' वेगळं दाबावं लागतं, आणि ते कुठल्या तरी दुसऱ्याच पानावर असतं. म्हणून काम झालं की एकदा मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि दिवा हिरवा होईपर्यंत तिथून हलू नका. मला हे सोमवारी सकाळी कळलं. रविवारी रात्री पाटणला लाईट गेली होती. दुकान उघडायच्या आधीच शाखेतून फोन आला, आणि मी पुन्हा एसटीत.