बागेत वेगळा पतंग दिसला तर काय करायचं आणि फोटो कसा काढायचा

भिंतीवर किंवा पानाखाली कधी न बघितलेला पतंग दिसला की लगेच जवळ धावू नका. आहात तिथूनच एक फोटो काढून घ्या, लांबून आला, धुरकट आला तरी चालेल, कारण तो उडून गेला तर ओळख पटवायला हातात तेवढंच राहतं. मग दोन पावलं पुढे, परत फोटो, परत दोन पावलं. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही आणि तो बसलाय ती फांदी हलवायची नाही.

आता मुळात तो दिसायला तर हवा. दिवसा बहुतेक पतंग गप्प बसून असतात आणि असे बसतात की डोळ्यासमोर असून कळत नाहीत. शोधताना मी एकच बघते, दोन्ही बाजू सारख्या आहेत का. वाळकं पान, सालीचा तुकडा, पक्ष्याची शीट, काहीही वाटू दे, पण मधून रेघ मारली तर डावं-उजवं हुबेहूब सारखं दिसत असेल तर थांबा आणि नीट बघा, पान इतकं मापात कधी वाळत नाही. रात्रभर दिवा चालू होता त्या भिंतीवर पहाटे बघा, खोडाच्या सावलीच्या बाजूला बघा, मोठ्या पानांच्या खाली बघा. बागेत कण्हेर किंवा तगर असेल तर खाली जाडसर लेंड्या पडल्यात का तेही बघा, वर ओलिअँडर हॉकमॉथची अळी खात बसलेली असू शकते, म्हणजे तो हिरव्या-गुलाबी नक्षीचा देखणा पतंग आसपास आहे.

रात्री बोलवायचे असतील तर पांढरी चादर ताणून बांधा आणि समोर दिवा लावा. अल्ट्राव्हायोलेट दिवा असेल तर उत्तम, साध्या एलईडीतून अल्ट्राव्हायोलेट जवळपास निघतच नाही म्हणून त्यावर कमी येतात. चांदणं नसलेली, उबदार, दमट, वारा पडलेली रात्र सगळ्यात चांगली. पतंग दिव्याच्या प्रेमात पडून येतात असं आपण लहानपणापासून ऐकतो पण 2024 साली आलेल्या एका संशोधनात हाय-स्पीड कॅमेऱ्याने दिसलं की उडणारे किडे आपली पाठ उजेडाच्या दिशेला ठेवून उडतात, आकाश वर आहे हे त्यांना त्यावरून कळतं, आणि दिवा जवळ असला की तोल बिघडून तिथेच घिरट्या घालत राहतात. म्हणजे ते बिचारे अडकलेले असतात, त्यामुळे दोन-तीन तासांत दिवा बंद करा, आणि पहाटेपर्यंत चादर तशीच ठेवू नका, पक्षी येऊन एकेक टिपून खातात.

फोटोत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅमेरा पंखांना समांतर धरायचा, थोडा जरी तिरका झाला तर एक पंख शार्प आणि दुसरा धूसर येतो. हा वरून काढलेला फोटो ओळखीसाठी लागतोच. मग एक बाजूने, एक समोरून डोळे आणि मिशा दिसतील असा, मिशा पिसासारख्या आहेत की दोऱ्यासारख्या हे कळायला हवं. पुढच्या पंखावर गोल ठिपका आणि त्याच्याजवळ किडनीच्या आकाराचा ठिपका दिसला तर तो क्लोजअपमध्ये घ्याच, नॉक्टुइड कुळातले कितीतरी पतंग त्यावरूनच वेगळे करता येतात.

मोबाईल असेल तर पतंगावर बोट दाबून फोकस लॉक करा. पांढऱ्या चादरीवर कॅमेरा फसतो आणि पतंग काळा पडतो, तिथे ब्राइटनेस थोडा वाढवा, काळपट खोडावर असेल तर कमी करा. फ्लॅश थेट मारू नका, पंखांवरच्या खवल्यांवरून चमकतो आणि खरा रंग जातो, त्याच्यापुढे टिश्यू पेपर धरा नाहीतर बाजूने टॉर्च द्या. कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्स असेल तर फ्लॅश लावून अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 8 ते एफ 11 ठेवा.

मागचे पंख झाकलेले असतात आणि खरा रंग बऱ्याचदा तिथेच असतो, पण म्हणून काडीने उचकू नका. मोठा पतंग उडण्याआधी अंग गरम करायला पंख थरथरवतो, तेव्हा व्हिडिओ चालू करा, मागच्या पंखाची एखादी फ्रेम नक्की मिळते. पतंग हलू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवतात काही लोक, मला ते अजिबात पटत नाही. ॲटलस मॉथ या खूप मोठ्या पतंगाला तर खायला चालणारं तोंडच नसतं, अळी असताना साठवलेल्यावर एक-दोन आठवडे काढायचे आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा, त्याची एक रात्र आपल्या फोटोसाठी का घालवायची? पहाटे गारव्यात तो आपोआप शांत बसतो, तेव्हा काढा. आणि नुकताच कोशातून निघालेला, पंख चुरगळलेले असतील तर लांबूनच बघा, पंख पसरून कडक व्हायच्या आत धक्का लागला तर ते कायमचे वाकडे राहतात.

शेवटी तारीख, वेळ, कुठल्या झाडावर होता आणि अंदाजे आकार लगेच लिहून ठेवा, फोटोत शेजारी पट्टी ठेवता आली तर अजून बरं. मग आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका, ॲपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून घेऊ नका, पंखावरची प्रत्येक रेघ जुळवून बघा. काही जाती फोटोवरून वेगळ्या करताच येत नाहीत, त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, तिथे नुसतं कुळाचं नाव लिहून सोडलं तरी ती नोंद कामाची असते.