खेळातल्या मोटारीचे सस्पेन्शन आणि पुण्याचे गतिरोधक

ड्रायव्हिंगच्या व्हिडिओ गेममधले सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि गाडी यांच्यामधली धक्के शोषणारी जोडणी, कसे जमले आहे, हे सरळ रस्त्यावर कळत नाही. ते गतिरोधकावर कळते, आणि नमुन्यांसाठी पुणेकराला लांब जावे लागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर लांब व १० सेंटिमीटर उंच असतो; सोसायटीच्या फाटकापुढे मात्र जेमतेम फूटभर रुंदीचा रबरी उंचवटा भेटतो. चाचणीच्या रस्त्यावर दोन्ही बांधावेत.

प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगच्या वरच्या टोकापासून खाली रेकास्ट करावा, म्हणजे एक काल्पनिक किरण सोडून तो जमिनीला कुठे लागतो ते पाहावे. जमिनीपर्यंतच्या अंतरातून चाकाची त्रिज्या वजा केली की स्प्रिंगची लांबी मिळते. ताठरपणा गुणिले दबलेली लांबी हे स्प्रिंगचे बल आणि अवमंदन गुणांक गुणिले दबण्याचा वेग हे डॅम्परचे, म्हणजे हेलकावे शमवणाऱ्या भागाचे, बल. यांची बेरीज त्याच जागी गाडीला लावावी. बेरीज ऋण आली तर शून्य धरावी, नाहीतर गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी वागते.

आकडे अंदाजाने भरू नयेत. १,२०० किलोच्या गाडीचा एका चाकावरचा वाटा ३०० किलो आणि हेलकावे सेकंदाला १.२ धरले, तर ताठरपणा ३०० × (२π × १.२)², म्हणजे सुमारे १७,००० न्यूटन प्रति मीटर येतो. उभ्या गाडीतच ही स्प्रिंग १७ सेंटिमीटर दबते. तिची मूळ लांबी तेवढी वाढवली नाही, तर गाडी पोटावर बसते. क्रांतिक अवमंदन, म्हणजे हेलकावे अजिबात न होण्यासाठी लागणारे किमान अवमंदन, २√(ताठरपणा × वस्तुमान), सुमारे ४,५०० येते. त्याच्या तीस टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि स्प्रिंग सुटताना डॅम्पर अधिक कडक ठेवावा.

खरी फसगत कालपावलात, म्हणजे भौतिकीच्या दोन हिशेबांमधल्या वेळात, होते. युनिटी या गेम इंजिनात ते मुळात ०.०२ सेकंद असते, आणि ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात १७ सेंटिमीटर पुढे सरकते. फूटभराचा उंचवटा दोनच पावलांत संपल्यामुळे दबण्याचा वेग अवास्तव मोठा निघतो आणि गाडी उडते. दोष बिचाऱ्या स्प्रिंगला दिला जातो. पाऊल ०.००५ सेकंदांवर आणावे आणि बारीक किरणाऐवजी चाकाएवढा गोल खाली सोडावा.

कात्रज घाटासारख्या वळणांसाठी अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचे एका बाजूला कलणे रोखणारा दांडा, हवा: डावी-उजवी स्प्रिंग किती दबली यातला फरक एका गुणांकाने गुणून बाहेरच्या चाकाच्या बलात मिळवावा आणि आतल्या चाकाच्या बलातून वजा करावा. पुढचा बार अधिक कडक केल्यास गाडीचे नाक वळणाबाहेर सरकायला हवे. परंतु टायरची पकड भाराच्या सरळ प्रमाणात वाढते असे धरले असेल, तर हा फरक जवळजवळ दिसतच नाही, म्हणून वाढत्या भाराबरोबर पकडीची वाढ मंदावणारा वक्र आधी बसवावा.